गंधकाची फवारणी आणि आपली कथा

इंदूरच्या आपल्या लेखक-मंडळात आपण वाचलेल्या कथेत सूर्याचे ऊन परतवण्यासाठी विमाने आकाशात गंधक फवारतात आणि पृथ्वी एका परिच्छेदात थंड होते; तिथे थोडे थांबावे, असे मला सुचवावेसे वाटते. १९९१ साली फिलिपीन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीने सुमारे दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड (गंधकाचा वायू) स्थितांबरात, म्हणजे ढगांच्याही वरच्या हवेच्या थरात, सोडला, तेव्हा पृथ्वीचे सरासरी तापमान जेमतेम अर्ध्या अंशाने उतरले आणि दोनेक वर्षांत तो परिणाम ओसरलाही. म्हणजे फवारणी दरवर्षी चालू ठेवावी लागणार, आणि ती मध्येच थांबली, तर दबून राहिलेली तापमानवाढ काही वर्षांतच उसळून येणार. खरी कथा मला या अडकलेपणात दिसते. कार्बन डायऑक्साइड हवेत तसाच राहतो आणि समुद्राचे आम्लीकरणही थांबत नाही. शिवाय जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातील फरक बदलला, की मान्सून डळमळू शकतो. आपल्या माळव्यात सोयाबीन पेरून आभाळाकडे पाहत बसलेला शेतकरी आणि फवारणीचा निर्णय घेणारा दूरचा देश यांना आपण समोरासमोर आणावे. माथेफिरू शास्त्रज्ञ मात्र कृपया वगळावा (तो आता फार झाला आहे), आणि विमानांचे वर्णन दोन ओळींत आटोपले तरी चालेल.