टीएसएच 0.01 आहे, मग गळ्याला सूज का?

शंका रास्त आहे. टीएसएच म्हणजे थायरॉईडला काम करायला लावणारा मेंदूकडचा हार्मोन. तोच ही गळ्यातली ग्रंथी वाढवतो, आणि तुमच्या आईंचा तर जवळजवळ शून्य, म्हणजे थायरॉईडचे हार्मोन्स जास्त झालेत. बहुतेकदा कारण ग्रेव्हज आजार असतं: शरीराने चुकून बनवलेल्या अँटिबॉडीज टीएसएचच्याच जागी जाऊन बसतात आणि ग्रंथीला सतत टोचणी देतात. म्हणून ती सगळीकडून सारखी फुगते. आईंना पाण्याचा घोट घ्यायला सांगा. सूज गिळताना वर सरकली तर ती बहुधा थायरॉईडची समजा. उतारवयात मात्र गाठीगाठींचा गलगंड जास्त दिसतो. टीआरएबी (याच अँटिबॉडीजची रक्ततपासणी) आणि थायरॉईडच्या स्कॅनमधून फरक कळतो. कार्बिमाझोल या थायरॉईडच्या गोळ्यांनी हार्मोन्स आटोक्यात येतात, पण सूज मागे रेंगाळू शकते. गोळ्या चालू असताना ताप किंवा घसादुखी झाली तर लगेच गोळी थांबवून डॉक्टरांना गाठा, रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासाव्या लागतात. आणि हो, आयोडीनची टॉनिकं मनाने देऊ नका.