परसातील आजारी भटका बोका

प्रश्न : आमच्या परसात येणाऱ्या, कोणालाही हात लावू न देणाऱ्या भटक्या बोक्याचे डोळे चिकटले आहेत, नाक वाहते आहे आणि त्याने खाणे सोडले आहे. त्याला दवाखान्यात कसे न्यावे?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : त्याला हाताने धरू नका. दार आपोआप पडणारा पिंजरा मिळवून त्यात किंचित कोमट केलेला बांगडा ठेवा, कारण नाक चोंदलेल्या मांजराला वास आला नाही तर ते अन्नाकडे फिरकतही नाही. बोका अडकताच पिंजऱ्यावर जाड चादर टाका, म्हणजे तो शांत होईल. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी कळवून जा. तिथे गाई-म्हशींचीच वर्दळ असली तरी मांजर नेण्याचा संकोच मुळीच बाळगू नका. काही दिवस उपाशी राहिलेल्या मांजराचे यकृत बिघडू शकते, म्हणून वाट पाहणे धोक्याचे आहे. घरातली पॅरासिटामॉल मात्र कणभरही देऊ नका. मांजरासाठी ती विषच ठरते. बोका चावला किंवा त्याने ओरबाडले, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी डॉक्टरांकडे जा. तो बरा झाल्यावर, परत सोडण्यापूर्वी, त्याची नसबंदी व लसीकरण करून घेता येईल का, हेही पशुवैद्यांना अवश्य विचारा.