चिकुनगुनियाच्या विषाणूच्या जनुकीय मजकुरात एक अक्षर बदललं, तर साथ पसरण्यात खरंच मोठा फरक पडतो का?
पडतो. 2005-06 मध्ये हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावर साधारण एक तृतीयांश लोकांना चिकुनगुनिया झाला. गंमत म्हणजे, एरवी हा रोग मुख्यतः एडिस इजिप्ती डास पसरवतो आणि तो बेटावर जवळपास नव्हताच. होता त्याचा भाऊबंद, टायगर डास. विषाणूच्या आरएनएमधल्या (म्हणजे त्याच्या जनुकीय मजकुरातल्या) सुमारे 11,800 अक्षरांपैकी एक बदललं, त्याच्या कवचावरच्या ई1 प्रथिनात 226व्या जागी अॅलानिन या अमिनो आम्लाऐवजी (प्रथिनाच्या एका कडीऐवजी) व्हॅलिन आलं आणि विषाणू टायगर डासाच्या आतड्यात सहज रुजायला लागला.

हाच बदल पुढे 2007 च्या सुमारास केरळातही स्वतंत्रपणे झाला. रबराच्या झाडाला चीक गोळा करायला बांधलेल्या वाट्यांत पावसाचं पाणी साचतं, टायगर डासाला आणखी काय हवं!

मग आशियात कित्येक दशकं असलेल्या, याच विषाणूच्या जुन्या वंशाला हे का जमलं नाही? (1973 ची बार्शीची साथ त्याच वंशाची, 2006 ची भारतातली साथ मात्र आफ्रिकी वंशाची.) त्याच्या ई1 मध्ये 98व्या जागी वेगळं अमिनो आम्ल आहे. त्यामुळे 226चा बदल होऊनही फायदा मिळत नाही. नशीबच, दुसरं काय.