आई जूनमध्ये तीन आठवडे म्युनिकला येतेय. दोघांसाठी युरेल पास काढून पाच-सहा देश करावेत का?

प्रश्नात पुढे लिहिलंय की आईचं वय ६३, गुडघे दुखतात, शुद्ध शाकाहारी आणि तुम्ही इथे मास्टर्स करताय. मग पाच-सहा देश कुणासाठी? आईसाठी की भिशीतल्या मैत्रिणींना फोटो दाखवायला?

आधी पासचं, म्हणजे एकाच तिकिटावर अनेक देशांत रेल्वेने फिरायच्या सोयीचं. युरेल तुम्हाला मिळणारच नाही, तो युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी असतो. आईचा युरेल, तुमचा इंटररेल. आणि इंटररेलवर तुम्ही राहता त्या देशात एकदा बाहेर पडायचा आणि एकदा परत यायचा, एवढाच प्रवास चालतो. फ्रान्स-इटलीच्या वेगवान गाड्यांना रिझर्वेशनचे पैसे वेगळे. माझ्या मते विषय इथेच संपला.

म्युनिकमध्येच मुक्काम ठेवा आणि आईचं डॉइचलांड-टिकेट काढा, म्हणजे जर्मनीभरच्या लोकल गाड्या आणि बसचा मासिक पास. २०२६ पासून ते महिन्याला ६३ युरो आहे. ते सबस्क्रिप्शन असतं आणि चालू महिन्यात बंद करायचं तर १० तारखेच्या आत करावं लागतं. आई ७ ते २८ जून येणार असेल तर मे महिन्यातच मागवून १ जूनपासून सुरू करा आणि लगेच रद्द करा. १२ जूनला जागे झालात तर जुलैचे पैसेही गेले. आयसीई, आयसी, ईसी, रेलजेट या लांब पल्ल्याच्या गाड्यांत ते चालत नाही. सीमेपलीकडच्या ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग स्टेशनपर्यंत मात्र लोकल गाडीने चालतं आणि प्रवास दोन तासांच्या आत होतो. घाईत त्याच मार्गावरच्या रेलजेटमध्ये चढलात तर ते तिकीट नसल्यासारखंच. साल्झबुर्गहून परत येताना जर्मन पोलीस गाडीत तपासणी करतात. मूळ पासपोर्ट जवळ हवा, मोबाइलमधला फोटो नाही.

नॉयश्वानस्टाइनचा किल्ला बघायला तर न्यालच. तिथे बहुतेकांचं एकच चुकतं: किल्ल्याच्या आतलं तिकीट आधी काढतात आणि मग दिवसभर त्या वेळेमागे आईला पळवतात. ठरलेली वेळ चुकली की तिकीट वाया. आत जेमतेम अर्धा तास, फोटोला बंदी, आणि दीडशेच्या वर पायऱ्या. खालून चालत ३०-४० मिनिटांचा सलग चढ आहे. घोडागाडी दारापर्यंत जात नाही, शेवटचा चढ पायीच चढावा लागतो. बस मारीनब्रुके पुलाजवळ सोडते, पण तिथून किल्ल्यापर्यंत पंधरा मिनिटांचा उतार आहे. आणि दुखऱ्या गुडघ्यांना चढापेक्षा उतारच जास्त छळतो, हे घरात कुणाचे गुडघे दुखत असतील त्यालाच कळतं. म्हणून आत जाऊच नका. बसने वर जा, पुलावरून किल्ला बघा (सगळ्या कॅलेंडरांवरचा तो फोटो तिथूनच काढलेला असतो), आणि त्याच बसने खाली या. मग आल्पझे तळ्याच्या काठी बाकावर बसून डबा खा. किल्ल्याजवळचं स्टेशन फुसेन, तिथली गाडी म्युनिकहून साधारण दोन तास घेते. ती बऱ्याचदा बाजूच्या २७ ते ३६ क्रमांकांच्या फलाटांवरून सुटते. मेन हॉलपासून तिथवर बरंच चालावं लागतं, तेव्हा पंधरा मिनिटं हाताशी ठेवा. फुसेनहून किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत ७३ किंवा ७८ नंबरची बस पकडा.

डबा म्हटलं, कारण ‘वेगेटारिश’ (शाकाहारी) लिहिलेलं सगळंच आपल्याला चालेल असं नाही. ब्रेझल या इथल्या पावामध्येसुद्धा काही बेकऱ्या डुकराची चरबी घालतात, ‘श्माल्त्स’ आहे का ते विचारा. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच दूध-भाजी भरून ठेवा. खिशात ५० सेंटची आणि एक युरोची नाणी हवीतच, बाथरूमसाठी. आईला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर ‘पैसे कसले द्यायचे’ म्हणून त्या पाणीच पिणार नाहीत.

येताना सामानात तूप, पेढे, पनीर नको, दुधाचे पदार्थ कस्टमवाले काढून घेतात. हापूसही प्रमाणपत्राशिवाय आणता येत नाही. मेतकूट, लोणचं, भाकरवडी खुशाल आणा.

‘एवढं विमानाचं तिकीट काढून आल्यात, आणि पॅरिस नाही?’ हे वाक्य आमच्या मोठ्या भावाचं आहे, तुमच्याकडेही कुणीतरी म्हणणारच. त्यांना सांगा, बसच्या काचेतून आयफेल टॉवर बघायला चौदा तास मान अवघडून बसायचं असेल तर आधी तुम्ही बसून दाखवा. गुडघे ठणठणीत असते तर मीही प्राग आणि व्हिएन्ना सुचवलं असतं, हे मान्य.

आणखी एक, खरं तर हे आधी लिहायला हवं होतं. व्हिसासाठी ३०,००० युरोंचा विमा लागतोच, पण स्वस्त पॉलिसींत जुने आजार धरलेले नसतात. बीपी-शुगर असेल तर ते कलम वाचूनच घ्या. गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या आणि वर एक आठवड्याच्या, केबिन बॅगेत, औषधाचं मूळ (जेनेरिक) नाव लिहिलेल्या इंग्रजी चिठ्ठीसकट. भारतातली चिठ्ठी दाखवून इथल्या औषधाच्या दुकानात गोळ्या मिळतील या भरवशावर राहू नका.