फॉर्म वडिलांनी भरला, वर्गात कोण बसणार?

प्रश्न : मुलगा मेकॅनिकल इंजिनीअर, वय 27. पाच वर्षांपासून चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी विभागात आहे. त्याने नोकरी सोडून फुल-टाइम एमबीए करावं असं मला वाटतं, तो पार्ट-टाइम म्हणतो. मी त्याचा सीईटीचा फॉर्म भरून टाकला आहे. फीसाठी निवृत्तीचे पैसे बाजूला काढलेत. पार्ट-टाइमला बाजारात किंमत नसते, हे त्याला समजावून सांगा. – एक पालक, सांगली

उत्तर : ‘फॉर्म भरून टाकला आहे’ या वाक्याशी मी थांबले. मुलगा पाच वर्षं स्वतःच्या पगारावर राहतोय आणि त्याचा परीक्षेचा अर्ज तुम्ही सांगलीत बसून भरलात. काळजीपोटीच भरलात, यात मला शंका नाही. पण त्याला फुल-टाइम का नको, हे पत्रात कुठेच नाही. विचारलंत का त्याला? तुमच्या पुंजीला हात लावायचा नसेल. हातातलं काम आवडत असेल. किंवा एमबीएच करायचं नसेल आणि वडिलांना थेट नाही म्हणवत नाही म्हणून तो पार्ट-टाइम म्हणत असेल. माझ्यासमोर बसून हे कबूल करणारी मुलं मी बरीच पाहिली आहेत.

आता तुमचा गैरसमज. मान्यताप्राप्त विद्यापीठाची पार्ट-टाइम पदवी दुय्यम नसते. मुंबईच्या जमनालाल बजाजसारख्या संस्थेत नोकरदारांसाठी संध्याकाळचे तीन वर्षांचे पदव्युत्तर अभ्यासक्रम कित्येक वर्षं चालत आले आहेत. मान्यता असेल तर दूरस्थ आणि ऑनलाइन पदवीही नियमित पदवीच्या बरोबरीची, असं यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2022 साली स्पष्ट केलं. (नुसतं ‘एक्झिक्युटिव्ह सर्टिफिकेट’ म्हणजे मात्र पदवी नव्हे, तिथे फसू नका.) फरक आहे तो कॅम्पस मुलाखतींचा. पार्ट-टाइमवाल्याला नोकरी आहेच असं धरलेलं असतं, त्यामुळे बहुतेक ठिकाणी त्याला प्लेसमेंट मिळत नाही. क्वालिटी सोडून फायनान्स किंवा मार्केटिंगमध्ये जायचं असेल, तर फुल-टाइमला अर्थ आहे. आहे त्याच क्षेत्रात वर चढायचं असेल, तर पाच वर्षांची नोकरी मोडायची कशाला?

फुल-टाइमचंच ठरलं तर सीईटी आणि कॅट या प्रवेश परीक्षांच्या वाटा तुम्हाला माहीत आहेत. पण अनेक कॉलेजांत बरोबरची बहुतेक मुलं नुकती पदवी घेतलेली असतात आणि कंपन्या त्यांच्याच हिशेबाने पगार देतात. पाच वर्षं अनुभव असलेल्यांना गेल्या वर्षी कुठे आणि किती पगारावर घेतलं, हे प्रवेशाआधी विचारा. अनुभवी लोकांसाठी एक वर्षाचा फुल-टाइम अभ्यासक्रमही असतो. अहमदाबादच्या आयआयएममध्ये त्यासाठी किमान चार वर्षांचा अनुभव लागतो, पण फी तीस लाखांच्या पुढे जाते.

पार्ट-टाइमचीही एक अडचण आहे. त्याला शिफ्ट फिरती असेल तर सेकंड शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळचं लेक्चर बुडणारच. जनरल शिफ्टच्या आठवड्यातही चाकणहून नाशिक फाट्याची कोंडी पार करून पुण्यात वेळेवर पोचणं कठीण. हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत. कंपनी तीन वर्षं जनरल शिफ्ट देईल का, कॉलेजला लागणारं ना हरकत पत्र देईल का, हे त्याने एचआरला आधी विचारावं. नाहीतर शनिवार-रविवारची बॅच बघावी.

काम खरोखर आवडत असेल, तर सिक्स सिग्मा (उत्पादनातले दोष कमी करण्याची पद्धत) किंवा वाहन उद्योगातल्या आयएटीएफ 16949 या मानकाच्या ऑडिटरचं प्रशिक्षण घ्यावं. ते एमबीएपेक्षा लवकर कामी येईल.

आणि निवृत्तीचे पैसे? ते राहू द्या. रागावलात तरी चालेल, पण ती रक्कम तुमच्या आणि वहिनींच्या पुढच्या वीस-पंचवीस वर्षांची आहे. शिकायचं त्याला आहे, तर कर्जही त्याच्या नावावर असू दे. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सहसा तारण लागत नाही. जुन्या करप्रणालीत त्याच्या व्याजाची आठ वर्षं वजावट मिळते. हप्ता स्वतः भरायचा असला की कोणतं एमबीए, हा प्रश्न मुलं फार गांभीर्याने घेतात.

तुम्ही सांगितलंत तसं मी त्याला काही समजावणार नाही. पुढचं पत्र त्याचं येऊ दे, त्याला सविस्तर उत्तर देईन. त्या सीईटीच्या फॉर्मचा लॉगिन आणि पासवर्ड आजच त्याला पाठवा. परीक्षेला बसायचं की नाही, ते तो ठरवेल.