मेलमधून उघडलेली वर्ड फाइल हरवली तर

आधी आउटलुक बंद करू नका. बंद करताना तात्पुरत्या प्रती पुसल्या जाऊ शकतात. अटॅचमेंट मेलमधूनच पुन्हा उघडू नका, तुमचे बदल नसलेली मूळ प्रतच समोर येईल. कंट्रोल-एस दाबलं होतं ना? मग फाइल बहुधा ‘कंटेंट डॉट आउटलुक’ या लपवलेल्या फोल्डरात आहे. साध्या शोधात ती सापडत नाही. वर्डच्या ‘रीसेंट’ यादीत नावावर राइट-क्लिक करून पाथ कॉपी करा, शेवटचं फाइलनाव काढून फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत चिकटवा. तिथे नावापुढे (००२) लागलेल्या प्रतीही दिसतील; बदलाची वेळ बघून योग्य ती डेस्कटॉपवर कॉपी करा.

सेव्हच केलं नसेल तर वर्डमध्ये फाइल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंट, रिकव्हर अनसेव्हड डॉक्युमेंट्स या क्रमाने क्लिक करा. ऑटोरिकव्हर (वर्डचं आपोआप प्रत जपून ठेवणं) मुळात दर १० मिनिटांनी चालतो, त्यामुळे शेवटचे एक-दोन परिच्छेद गेलेच समजा.