कंपनीला बेड्या कशा घालणार?

प्रश्न : मॅडम, मी लातूरला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. बिझनेस लॉच्या तासाला सर म्हणाले कंपनी ही कायद्याच्या नजरेत स्वतंत्र व्यक्ती, मालक वेगळा कंपनी वेगळी. मी विचारलं मग कंपनीने फसवणूक केली तर जेलमध्ये कोण जाणार? सगळा वर्ग हसला आणि सर म्हणाले ते सिलॅबसमध्ये नाही. माझा प्रश्न येडपट होता का?

उत्तर : अगं, हाच प्रश्न सुप्रीम कोर्टात पाच न्यायाधीशांपुढे गेला होता आणि तिथेसुद्धा एकमत झालं नाही, तीन एका बाजूला आणि दोन दुसऱ्या. तेव्हा हसणाऱ्यांना हसू दे.

झालं असं की २००३ मध्ये कोर्ट म्हणालं होतं, ज्या गुन्ह्याला कैद आणि दंड दोन्ही सक्तीचे आहेत त्यात कंपनीवर खटलाच चालत नाही, कारण कायद्यात 'आणि' लिहिलंय, कैद तर कंपनीला देता येत नाही आणि नुसता दंड करायचा म्हणजे कोर्टाने 'आणि'चं 'किंवा' करायचं, ते काम संसदेचं. ऐकायला बरोबर वाटतं ना? मग २००५ मध्ये स्टँडर्ड चार्टर्ड बँक विरुद्ध अंमलबजावणी संचालनालय (म्हणजे आपली रोज टीव्हीवर दिसणारी ईडी) ही केस आली, कायदा परकीय चलनाचा जुना 'फेरा' (FERA). त्यात रक्कम १ लाखाच्या वर असेल तर किमान ६ महिने कैद आणि दंड, आणि १ लाखापर्यंत असेल तर कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आता २००३ चं म्हणणं इथे लावून बघ. कंपनीने ९० हजारांचा घोळ केला तर दंड होणार, आणि ९० कोटींचा केला तर खटलाच नाही! छोटी चोरी करणारा अडकणार आणि मोठा दरोडेखोर हात हलवत घरी. बहुमताने म्हटलं असा अर्थ संसदेच्या मनात असूच शकत नाही, कैद देता येत नसेल तर दंड तरी करा, पण खटला चालणार. माझं प्रामाणिक मत, शब्दाला धरून बघितलं तर त्या दोन न्यायाधीशांचंही चुकत नव्हतं, पण निकाल लागला तो बराच झाला.

आता पुढचा पेच. फसवणुकीला हेतू लागतो, मग कंपनीला मन कुठे असतं? त्याचं उत्तर २०१० च्या इरिडियम इंडिया विरुद्ध मोटोरोला या निकालात आहे, आणि ही केस आपल्या पुण्याच्या मॅजिस्ट्रेट कोर्टातून निघाली होती बरं का. सॅटेलाइट फोनचा प्रोजेक्ट, गुंतवणूकदाराचं म्हणणं की खोटं चित्र दाखवून पैसे घेतले. मुंबई हायकोर्टाने खटला रद्द केला, सुप्रीम कोर्टाने परत उभा केला आणि सांगितलं, कंपनीची सूत्रं ज्यांच्या हातात असतात त्यांच्या मनातला हेतू तोच कंपनीचा हेतू धरता येतो. कंपनी दोषी असं कोणी म्हटलं नव्हतं हं, खटला चालू शकतो एवढंच. परीक्षेत निम्मी मुलं इथेच घसरतात.

आणि हे उलट चालत नाही. साहेबांचं मन म्हणजे कंपनीचं मन, पण कंपनीने गुन्हा केला म्हणून साहेब आपोआप आरोपी, असं नाही. २०१५ च्या सुनील भारती मित्तल विरुद्ध सीबीआय मध्ये खालच्या कोर्टाने नेमकं हेच केलं होतं, सुप्रीम कोर्टाने ते समन्स रद्द केलं. माणसाला गुंतवायचं तर त्याचा स्वतःचा सहभाग दाखवणारा पुरावा हवा, नाहीतर त्या कायद्यातच तसं स्पष्ट लिहिलेलं हवं.

प्रश्न : आमचा इचलकरंजीला सुताचा व्यापार आहे. मुलगी एमबीए करते, तिनेच हे लिहायला सांगितलं. एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीने दिलेला ४ लाख ८० हजारांचा चेक परत आला. सही डायरेक्टरची म्हणून नोटीस त्याच्याच नावाने पाठवली. आता वकील म्हणतात कंपनीला नोटीस हवी होती, आणि ३० दिवस उलटून गेलेत. पैसे बुडाले का?

उत्तर : दादा, वकिलांचं बरोबर आहे. चेक कंपनीच्या खात्याचा ना, मग पहिला आरोपी कंपनी. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं (चेक बाउन्सचा गुन्हा याच कायद्यातला) कलम १४१ तुमच्या मुलीच्या पुस्तकात असेलच, त्यावर २०१२ चा अनिता हाडा विरुद्ध गॉडफादर ट्रॅव्हल्स हा निकाल आहे की कंपनीला आरोपी केल्याशिवाय एकट्या डायरेक्टरवर खटला टिकत नाही. २०१९ च्या हिमांशू विरुद्ध शिवमूर्ती मध्ये तर अगदी तुमच्यासारखंच झालं, कंपनीला ना नोटीस ना आरोपी, केस गेली.

पण हातपाय गाळू नका, आधी चेकवरची तारीख बघा. तीन महिने झाले नसतील तर आजच परत बँकेत टाका. एकदा नोटीस दिली की दुसऱ्यांदा चेक टाकून केस करता येत नाही असं पूर्वी होतं, ते २०१२ मध्ये एमएसआर लेदर्सच्या निकालाने बदललं. परत बाउन्स झाला की नवा मेमो (चेक परत आल्याची बँकेची चिठ्ठी), आणि तो मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत कंपनीला आणि सही करणाऱ्याला, दोघांना नोटीस. नोटीस पोचल्यावर १५ दिवस वाट बघायची, त्यातही पैसे नाही आले तर त्यापुढच्या एक महिन्यात कोर्टात तक्रार. तुम्ही चेक ज्या शाखेतल्या आपल्या खात्यात भरला तिथल्या कोर्टात, २०१५ च्या दुरुस्तीनंतर समोरच्याच्या गावाला खेटे घालावे लागत नाहीत. आणि रागाच्या भरात सगळे डायरेक्टर, त्याची बायको, मेहुणा अशी भरती करू नका, रोजचा कारभार बघणारा कोण ते तक्रारीत लिहावं लागतं.

तीन महिने उलटले असतील तर चेकची केस विसरा, बिलं आणि चलनं घेऊन वसुलीचा दिवाणी दावा लावा, त्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते.

प्रश्न : माल घेतला आणि पैसे दिले नाहीत तर ४२० लागतेच ना? मित्राशी पैज लागली आहे.

उत्तर : पैज हरलास. पैसे न देणं हा करारभंग, फसवणूक तेव्हा जेव्हा माल उचलतानाच पैसे द्यायचे नाहीत असं मनात होतं. हृदय रंजन प्रसाद वर्मा विरुद्ध बिहार राज्य, साल २०००, तिथे हे स्वच्छ सांगितलंय. नंतर धंदा बसला, हात आखडला, तर तो गुन्हा नाही. आणि आता जुन्या दंड संहितेतली (आयपीसी) ४२० सुद्धा राहिली नाही रे, भारतीय न्याय संहितेत ती ३१८(४) झाली. पण १ जुलै २०२४ च्या आधी घडलेलं असेल तर अजून जुनी ४२०च लागते, त्यामुळे पेपरात प्रश्नातली तारीख आधी बघ.